दोन पडद्यांच्या मधे : ब्रिजभूषण काबरांची गिटार

आमच्या घरात वाद्य म्हणजे बेंजो. माझे चुलते, म्हणजे आप्पा, केज तालुक्यातल्या एका बेंजो पार्टीत वीसेक वर्षं वाजवत होते. लग्नसराई, हळद, वरात, गणपती, गावची जत्रा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जनरेटर, दोन भोंगे, ढोल-ताशा, कॅसिओ आणि मधे आप्पा. पुढं डीजे आला आणि तीन-चार हंगामांत पार्टी मोडली. आप्पांनी बेंजो जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं. हॉस्टेलवर पोरं गिटार घेऊन बसायची आणि माझा चुलता वरातीत बेंजो वाजवतो हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

हे आधी सांगतो, कारण हा लेख गिटारवर आहे, आणि ज्या गिटारवाल्याबद्दल मला लिहायचंय तो मला नीट कळला तो आप्पांमुळे.

आमच्याकडचा बेंजो म्हणजे अमेरिकेतला बँजो नव्हे. लांबट लाकडी पेटी, वर टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा, आणि अँप्लिफायरला जोडलेली वायर. त्याचं पुस्तकी नाव बुलबुल तरंग. मूळ जपानी. नागोया शहरातल्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली ‘ताइशोगोतो’ नावाचं वाद्य तयार केलं, त्याचा हा आपल्याकडचा अवतार. बटण दाबलं की तार ठरलेल्या जागी दाबली जाते आणि ठरलेलाच सूर वाजतो. दोन बटणांच्या मधे काही नाही. म्हणजे मींड नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोयच नाही. आप्पा मधली बटणं इतक्या झपाट्यानं सरकवायचे की कानाला घसरल्याचा भास व्हायचा. वरातीत तेवढा भास पुरतो.

आता याच्या अगदी उलट टोकाचं वाद्य घ्या. पडदे आहेत, पण त्यांना कुणी विचारत नाही. तारा पडद्यांपासून उचललेल्या. डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी, ती तारेवर नुसती टेकवायची आणि सरकवायची. सा आणि रे यांच्या मधली सगळी जमीन मोकळी. ही स्टील गिटार. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हवाई बेटांवर जोसेफ केकुकू या पोरानं गिटार मांडीवर आडवी घेऊन तारेवर लोखंड फिरवायला सुरुवात केली, असं मानतात. तिथून हे वाद्य अमेरिकेत गेलं आणि पुढं कोलकात्यात आलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवाईचे ताऊ मो आपल्या कुटुंबासकट भारतात होते, त्यांच्यामुळं कोलकात्यात ‘हवाईन गिटार’ची चांगलीच हवा झाली.

आपल्यापैकी बहुतेकांनी ही गिटार ऐकलेली आहे, फक्त नाव माहीत नसतं. सुनील गांगुलींच्या गिटारवरच्या हिंदी गाण्यांच्या धुना केशकर्तनालयात, मंगल कार्यालयात, दिवाळीच्या दुकानात वाजत आलेल्या आहेत. मुंबईत व्हॅन शिपले होते. लखनौचा माणूस, इलेक्ट्रिक गिटार आणि व्हायोलिन दोन्ही वाजवायचा, आणि पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांच्या अॅकॉर्डियनबरोबर त्यांची जोडी जमली होती. या धुनांना मी नावं ठेवणार नाही. पण त्यात स्टील गिटारचा एक रोग स्पष्ट दिसतो. घसरता येतं म्हणून सतत घसरायचं. प्रत्येक ओळीला शेपूट, प्रत्येक सुराला पाझर. चहात साखर जास्त झाली की चहाची चव जाते, तसं.

ब्रिजभूषण काबरा यांनी हेच वाद्य हातात घेतलं आणि साखर कमी केली. माझ्या मते त्यांचं मोठेपण इथून सुरू होतं.

जोधपूरची मांडी

काबरांचा जन्म १९३७ चा, जोधपूरचा. घरात संगीत होतं. वडील सतारीच्या नादातले, थोरले भाऊ दामोदरलाल सरोद वाजवायचे आणि उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य. अली अकबर खाँ काही काळ जोधपूर दरबारात होते. ब्रिजभूषणही पुढं त्यांच्याकडंच शिकले. म्हणजे बघा, सरोदियाच्या घराण्यात बसून सरोद न घेता गिटार घेतली. त्या काळी गिटार म्हणजे सिनेमा, क्लब, ख्रिसमसची पार्टी. तिच्यावर आलाप करायचा ही कल्पनाच अनेकांना हसण्यासारखी वाटली असणार.

त्यांनी गिटारमध्ये फार मोडतोड केली नाही. गिब्सन कंपनीची मोठ्या पोटाची गिटार घेतली, मांडीवर आडवी ठेवली, टोकाची पट्टी उंच करून तारा वर उचलल्या आणि सुराच्या साथीला एक तार जोडली. पुढं विश्वमोहन भट्टांनी तरफेच्या तारा भरून मोहनवीणा केली आणि राय कूडरबरोबरच्या अल्बमसाठी १९९४ साली ग्रॅमी मिळवलं. देबाशिष भट्टाचार्य तर काबरांचेच शिष्य, त्यांनीही स्वतःची वाद्यं बनवली. या दोघांच्या वाद्यांसमोर काबरांची गिटार साधी वाटते. तरफेची झणझण नाही. सूर वाजला की उघडा पडतो. चूक झाकायला मागं काहीच नाही.

चूक किती सहज होऊ शकते हे एकदा मी स्प्रेडशीटवर मोजलं. सवय आहे, जात नाही. ६५० मिलिमीटर लांबीची तार धरली तर पहिला पडदा वरच्या टोकापासून साधारण ३६ मिलिमीटरवर येतो. पण अकराव्या आणि बाराव्या पडद्यातलं अंतर उरतं फक्त १९ मिलिमीटर. म्हणजे वर जाल तशी जमीन आक्रसत जाते. तिथं कांडी चार मिलिमीटर इकडंतिकडं झाली की अर्ध्या सुराचा पाचवा हिस्सा गेला. एवढ्यात कोमल रिषभ ‘अहिर भैरव’चा राहत नाही. बोटानं वाजवणाऱ्याला पडदा सांभाळून घेतो. बोट पडद्याच्या थोडं मागं पडलं तरी सूर पडद्यावरच कापला जातो. कांडीवाल्याला कुणी सांभाळत नाही. शिवाय कांडी डोळ्यांनी बघायची तर वरून बघताना तिरकं दिसतं. शेवटी कानच खरा.

मिशावाकाचा माणूस

इथं जरा अमेरिकेत जाऊन येऊ. काबरांच्याच जन्मवर्षी, १९३७ मध्ये, इंडियाना राज्यातल्या मिशावाका गावात बडी एमन्स जन्मला. पेडल स्टील गिटार वाजवणाऱ्यांना थोर कोण असं विचारलं तर बहुतेक जण याचंच नाव आधी घेतात. पेडल स्टील म्हणजे हवाईन गिटारची यंत्रात शिरलेली बहीण. टेबलासारखी पायांवर उभी, बहुधा दहा तारा. डाव्या हातात कांडी, उजव्या बोटांत नख्या, डावा पाय पेडलवर, उजवा पाय आवाज कमीजास्त करायच्या पेडलवर, आणि दोन्ही गुडघ्यांनी ढकलायचे लिव्हर. चारी हातपाय कामाला. पेडल दाबलं की यंत्र ठरावीक तार ताणतं आणि तिचा सूर चढतो. बाकीच्या तारा जागच्या जागी.

१९५४ साली वेब पियर्सचं ‘स्लोली’ हे गाणं गाजलं. त्यात बड आयझॅक्सनं तारा वाजत असतानाच पेडल दाबलं, आणि सूरच सुरातून उगवल्यासारखा ऐकू आला. तोवर पेडलचा वापर बहुधा दोन गाण्यांच्या मधे तारांची जुळणी बदलायला होत असे. आयझॅक्सच्या पेडलनं दोन तारा एकदम चढायच्या. एमन्सनं ते काम दोन पेडलांत वाटून दिलं. एक तार या पेडलला, दुसरी त्या पेडलला. आता दोन्ही एकदम चढवा, नाहीतर एकेक. आमच्या धंद्यात याला चांगलं काम म्हणतात. एक फंक्शन दोन गोष्टी करत असेल तर ते तोडा, मग त्या दोन गोष्टी हव्या तशा जोडता येतात. दिसायला छोटी दुरुस्ती, पण पुढं सगळे त्याच वाटेनं गेले.

मी एमन्सला आधी ऐकलं, काबरांना नंतर. त्यामुळं पहिल्यांदा काबरा ऐकताना मला वाटलं, हे तर अर्धंच वाद्य आहे. पेडल नाही, दहा तारांचे गुंफलेले सूर नाहीत, एकच रेघ चाललीय. माझा हा समज चुकीचा होता, पण पूर्ण चुकीचा नव्हता. स्टील गिटारमधून सुरांचे गुच्छ वगळले की वाद्याची एक बाजू जाते, हे खरंच आहे. एमन्सच्या वादनात एक तार स्थिर राहते, दुसरी तिच्यापासून सरकत लांब जाते, आणि त्या दोघींमधल्या ताणात सगळी गंमत असते. काबरांनी ती गंमत सोडून दिली. ही किंमत आहे, ती मान्य केली पाहिजे.

पण बदल्यात काय घेतलं तेही बघायला हवं. एमन्सचा प्रश्न होता : एक सूर उभा ठेवून दुसरा कसा हलवायचा? त्यानं तो यंत्रानं सोडवला. काबरांचा प्रश्न होता : एकच सूर हलवत असताना तो जिवंत कसा ठेवायचा? यासाठी यंत्र मिळत नाही.

खर्चाचा हिशोब

बासरीत फुंक चालू ठेवली की सूर चालू राहतो. सारंगीत गज ओढत राहा. गिटारमध्ये नखीचा एक आघात, तेवढीच कमाई. त्या क्षणापासून सूर विझायला लागतो. आता गांधारावरून पंचमापर्यंत मींड न्यायची तर पंचमाला पोहोचेपर्यंत हाती काय उरेल, याचा अंदाज तार छेडतानाच घ्यावा लागतो. जोर कमी पडला तर मींड वाटेतच मरते. जास्त झाला तर सुरुवातच ठण्णकन येते आणि मींडचा हळुवारपणा जातो. पगार झाल्या दिवशीच महिन्याचा हिशोब लावणं हे ज्यांना जमतं त्यांना हे कळेल.

काबरांचा आलाप ऐकताना हा हिशोब दिसत नाही, आणि हेच त्यांचं कसब. दुसरी गोष्ट, ते सुरावर पोहोचले की थांबतात. घसरत येणं हे येण्यापुरतं. एकदा आलं की सूर जमिनीवर ठाम उभा. धुनांमध्ये जी सतत ओघळ असते ती इथं नाही. वेग आहे, तान आहे, झाला आहे, सरोदच्या तालमीतून आलेला बोलांचा ठसकाही आहे. पण मला विचाराल तर त्यांचं वादन ओळखू येतं ते या थांबण्यावरून.

खोऱ्याची हाक

बहुतेक लोकांना काबरा भेटतात ते १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. एचएमव्हीत ही रेकॉर्ड घडवून आणणारे निर्माते जी. एन. जोशी, म्हणजे मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीतले आपले गायक. काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, असं सूत्र. सकाळचे अहिर भैरव आणि नट भैरव, मग पिलू, भूप, देस आणि पहाडी.

तेव्हा तिघेही तिशीच्या आतबाहेरचे. आज माझ्या ऑफिसात ज्यांना ‘सीनियर’ म्हणतात त्या वयाचे. तिघांचीही वाद्यं त्या काळी शास्त्रीय मैफिलीत थोडीफार उपरीच. संतूर तर तोवर काश्मीरबाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं. पण पुढं संतूर आणि बासरी घराघरात गेली. शिव-हरी ही जोडी झाली, सिनेमाला संगीत देऊ लागली. आज कुणालाही विचारा, या रेकॉर्डवर कोण आहे? दोन नावं चटकन येतात, तिसऱ्याला थांबावं लागतं. काबरा अहमदाबादेत राहिले, शिकवत राहिले, २०१८ च्या एप्रिलमध्ये गेले.

ही रेकॉर्ड मला सगळीच आवडते असं नाही. मेंढपाळाचं सूत्र मला कॅलेंडरावरच्या चित्रासारखं वाटतं. खऱ्या मेंढपाळाच्या दिवसात ऊन, पाय, लांडगा आणि उधारी असते. आमच्या जिल्ह्यातनं दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या बायाबाप्यांचा दिवस कुणी असा गोड वाजवला तर मला राग येईल. आणि प्रत्येक राग इतका आटोपशीर आहे की जरा रंगतोय तोच संपतो. एलपीची मर्यादा होती हे कबूल. पण गिटारसाठी ही मर्यादा उलट फायद्याची ठरली. संतूरचा सूर काठीचा टोला पडून निघतो, ठिपक्यासारखा. ठिपके जवळजवळ टाकून संतूर रेघेचा भास करतं, आमच्या आप्पांच्या बेंजोसारखाच. बासरी रेघ काढते, पण ती श्वासाची रेघ, ढगासारखी. गिटार ठिपकाही टाकते आणि त्याच ठिपक्यातून रेघही ओढते. या दोघांच्या मधे उभं राहून ती दोघांनाही जोडते. रेकॉर्ड पुन्हा ऐकाल तेव्हा गिटार बंद झाल्यावर बाकीच्यांच्या मधे किती जागा मोकळी पडते, तेवढं बघा. मोबाइलच्या स्पीकरवर नको, त्यात खालचे सूर निम्मे गळून जातात. साधे वायरवाले इअरफोन चालतील.

जोडणाऱ्याचं नाव मागं पडतं. टीममध्येही हेच होतं. ज्याच्यामुळं दोन भाग एकमेकांशी बोलतात त्याचा डेमो दाखवता येत नाही.

आप्पा ऐकतात

मागच्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा आप्पांना इअरफोन लावून काबरा ऐकवले. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ नाही, एक लांब आलाप. मनात होतं की त्यांना वाद्य दाखवावं, कांडीचं गणित सांगावं. मी सांगायला लागलो तर त्यांनी हातानंच गप केलं. डोळे मिटून दहा-बारा मिनिटं ऐकलं. मग एक बाजू कानातनं काढली.

“ह्याचा मागचा हात बग.”

मला कळेना. आवाजात हात कुठला दिसतो?

“आरं, सूर सोडताना ऐक. पुढचा सूर धरला की मागचा गप हुतोय. तार मागनं दाबतोय त्यो. आमच्या बेंजोत ती सोयच नव्हती. एकदा वाजिवलं की समदंच वाजत ऱ्हायचं. ढोलाखाली झाकून जायचं म्हनून बरं. हितं झाकायला काय हाय?”

मी ते परत ऐकलं. आप्पांचं खरं होतं. कांडी तारेवर सरकते तेव्हा तिच्या मागं उरलेला तारेचा तुकडाही कुरकुरतो, आणि शेजारच्या तारा उगाच गुणगुणतात. चांगला वादक डाव्या हाताची मोकळी बोटं कांडीच्या मागं तारेवर टेकवून ओढत नेतो आणि उजव्या तळव्यानं बाकीच्या तारा गप्प करतो. जे ऐकू येतंय ते वाजवणं हे अर्धं काम. जे ऐकू यायला नको ते न वाजू देणं हे उरलेलं अर्धं. मी दोन वर्षं काबरा ऐकत होतो, स्प्रेडशीट काढली होती, मिलिमीटर मोजले होते. पण हे माझ्या कानाला लागलं नव्हतं. कारण मी सूर ऐकत होतो. आप्पा वीस वर्षं ज्या गोष्टीशी भांडले होते ती ऐकत होते.

कसब म्हणजे काय, याचं उत्तर आपण बहुतेक वेळा वेगात शोधतो. रील बघतो, बोटं किती पळतात ते बघतो, पुढं सरकतो. काबरांच्या वादनावर रील बनणार नाही. पंधरा सेकंदांत त्यांचा एक सूरही नीट उभा राहून विझत नाही. आणि दाद द्यायची तर आधी आपल्याला अडचण माहीत हवी. जो त्याच अडचणीत अडकलेला आहे त्यालाच सुटका कशी झाली ते आधी दिसतं. म्हणून वाद्य कुठल्या मंचावर वाजतं यावरून ऐकणाऱ्याचा कान ठरवू नये, हे मी आता शिकलोय. आमच्याच अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावच्या शंकरबापूंनी भजन-कीर्तनातला पखवाज शास्त्रीय मंचावर नेला, तेव्हा पखवाज तोच होता आणि बापूही तेच. बदलायचं होतं ते समोर बसलेल्यांनी.

हॉस्टेलवर न सांगितलेली गोष्ट म्हणून आज इथं सांगतो : माझे चुलते बेंजो वाजवायचे, आणि चांगला वाजवायचे.

त्या रात्री माळ्यावरून बेंजो खाली काढला. दोन तारा तुटलेल्या, बटणांखालच्या स्प्रिंगा गंजलेल्या. पुण्याला परत आल्यावर आप्पांचा फोन आला. मला वाटलं, तारांबद्दल असेल.

“त्या गिटारवाल्याचं आजून काय आसंल तर टाक व्हॉट्सअॅपवर,” ते म्हणाले. “आन् मोठं टाक. बारकं नको.”